जिन्यानं न्या

निकम सिस्टरांनी बेल वाजवली की आमच्या इमारतीतले लोक दार उघडण्याआधी घरातली माणसं मोजायचे. हे मी म्हणत नाही, त्या स्वतःच सांगायच्या. "भिंगातून बघतात. मी दिसले की मागं वळतात. म्हातारा सोफ्यावर हलताना दिसला की मग कडी काढतात." सांगताना चेहऱ्यावर राग नसायचा. कुरिअरवाल्याशी दोन शब्द न बोलणारी माणसं आपल्याला निदान घाबरतात तरी, असा काहीसा भाव असायचा.

पाथर्डी फाट्याच्या अलीकडं आमची सात मजली इमारत. मजल्यावर चार घरं, एक लिफ्ट, एक जिना आणि नावात 'हाइट्स'. सिस्टर सातव्यावर एकट्या राहायच्या, आम्ही पाचव्यावर. सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स म्हणून नोकरी करून त्या रिटायर झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे सरळ विचारायची कुणाची टाप नव्हती, आणि ज्या बायकांनी आडून विचारलं त्यांना "ड्यूटी लागली होती" एवढंच उत्तर मिळालं. अंगानं किरकोळ, केस बारीक कापलेले, फिकट सुती साडी, खांद्याला पिन. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, कारण नाडी मोजताना ते तसंच लागतं. त्यांचं नाव कुसुम होतं हे मला फार उशिरा कळलं, तेही डॉक्टरांच्या दाखल्यावर वाचून.

इमारतीत त्यांचं काम एकच. कुणी गेलं की त्या घरी जायचं.

त्या सटाण्याकडच्या. त्यांच्या गावात म्हणे रडण्याचा पहिला आवाज आला की बांबू आणणारा बांबूला निघतो, मडकं आणणारा मडक्याला, आणि निरोप देणारा मोटरसायकलला किक मारतो. कुणी कुणाला सांगत नाही. आमच्या हाइट्समध्ये पहिली पंधरा मिनिटं कुणाला काही सुचत नाही आणि सोळाव्या मिनिटाला कुणीतरी ग्रुपवर टाकतं. सहाव्या मजल्यावरचे जगताप सर गेले त्या सकाळी ग्रुपवर धडाधड जोडलेले हात उगवले. सिस्टरांनी ते मोजले. "एक्केचाळीस जणांनी हात जोडले आणि दारात आली चार माणसं," त्या म्हणाल्या, "त्यातली एक कामवाली." मध्येच कुणीतरी अकरा नंबरची पांढरी गाडी काढा म्हणून लिहिलं होतं. घाईघाईत एकानं त्याच्याखालीही 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली होती.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो सासूबाईंमुळं. सासूबाई दिंडोरीच्या, वर्षभर अंथरुणावर होत्या. जाणार हे ठाऊक होतं, तरी गेल्या तेव्हा मी नुसती दारात उभी राहिले. नवरा दिराला फोन लावत होता आणि लागत नव्हता म्हणून फोनला शिव्या घालत होता. सिस्टर आल्या. चपला बाहेर काढल्या, कापडी पिशवी खाली ठेवली. पिशवीत कापूस, बँडेजची गुंडाळी, कात्री, निलगिरीचं तेल आणि शिवणकामाची टेप.

"गरम पाणी ठेव," मला म्हणाल्या.

मी पातेल्यात चहाचं पाणी ठेवलं. त्यांनी स्वयंपाकघरात येऊन बघितलं आणि म्हणाल्या, "चहाला नाही गं. त्यांना पुसायला." मग स्वतःच बादली भरली.

जिवंत माणसांशी त्या दवाखान्यातलं स्वच्छ, मोजकं मराठी बोलायच्या. पण त्या दिवशी सासूबाईंची मान उचलताना वाकून त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "घाबरू नको माय, मी शे ना आठे." मी आहे ना इथं, असं काहीतरी. मला वाटलं मी चुकून काहीतरी खाजगी ऐकलं. पुढं कळलं की मेलेल्या माणसाशी त्या अहिराणीतच बोलतात, मग तो माणूस कुठलाही असो. एकदा एका सिंधी आजोबांशीही त्या तशाच बोलल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कान सगळ्यात शेवटी जातात. पस्तीस वर्षं बघितलंय. भाषा कळो न कळो, आवाज कळतो."

या 'कान शेवटी जातात'चा त्यांनी कायदाच केला होता. त्या खोलीत कुणी काय वाटेल ते बोलायचं नाही. फ्रीजमधलं दूध कुणी बाहेर ठेवलं, गाडी कुठं लावली, दाखला कोण आणणार, हे सगळं बाहेर. तिसऱ्या मजल्यावरचा एक जण जगताप सरांच्या डोक्याशी बसून फ्लॅटचा आता काय भाव चाललाय ते शेजारच्याला विचारत होता. सिस्टरांनी त्याला हाताला धरून उठवलं आणि जिन्यात नेऊन सोडलं. "त्यांना ऐकू येतंय," एवढंच म्हणाल्या. तो माणूस खरंच घाबरला. नंतर महिनाभर तो त्यांना बघून लिफ्टमध्ये शिरता शिरता थांबायचा आणि काहीतरी विसरल्यासारखे खिसे चाचपायचा.

सासूबाईंनंतर कुणी गेलं की मला वरून फोन यायचा, "वर्षा, ये." मी जायचे. ऑफिसात बायोमेट्रिक आहे, उशीर झाला की अर्धी रजा जाते, तरी जायचे. का जायचे ते मला नीट सांगता येणार नाही. मला ते काम आवडत नव्हतं, पण त्या खोलीत सिस्टरांच्या शेजारी उभं राहिलं की या शहरात आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं वाटायचं.

भेटायला येणाऱ्या लोकांवर त्यांचा फार जीव होता, म्हणजे त्यांची टिंगल करण्यावर. "काही लागलं तर सांगा" हे वाक्य त्यांना विशेष आवडायचं. ते म्हणणारा माणूस म्हणतानाच उठायला लागलेला असतो, हे त्यांचं निरीक्षण. पुढंपुढं त्या दारातच बसायला लागल्या. कुणी तसं म्हणालं की म्हणायच्या, "लागतंय ना. बारा माणसांचा पिठलं-भात. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही." समोरचा गांगरायचा. असाच एकदा दुसऱ्या मजल्यावरचा एक चांगल्या पगाराचा मुलगा सापडला. बिचारा मनानं चांगला होता. त्यानं फोन काढला आणि तिथंच ऑर्डर दिली. अर्ध्या तासानं डबे आले, बटर नान, पनीरची भाजी, आणि वर 'आमच्याकडून भेट' अशी चिठ्ठी लावलेले गुलाबजाम. ज्यांच्या घरात माणूस गेलेलं होतं त्या बाई ते डबे बघून पहिल्यांदा हसल्या आणि मग रडल्या. सिस्टरांनी गुलाबजाम वॉचमनला दिले, वर जाऊन पिठलं टाकलं आणि त्या मुलाला कांदा चिरायला बसवलं. तो मुलगा पुढं दर वेळी यायचा. रडण्याची सोय होते म्हणून कांदा मीच चिरतो, असं म्हणायचा.

पाटणकर आजी गेल्या तेव्हा त्यांचा मुलगा कॅनडात होता. तो येईपर्यंत आजींना दोन दिवस बर्फाच्या पेटीत ठेवलं. घरात सून नाही, लेक नाही, दूरचे एक दीर आले आणि हॉटेलात उतरले. आजींच्या पेटीशेजारी दिवसभर सिस्टर बसल्या. मुलानं सांगितलं होतं म्हणून पेटीच्या पायथ्याशी स्टँडवर फोन लावून ठेवला होता, व्हिडिओ कॉल सतत चालू. पहिले दोन तास पलीकडं सगळे गंभीर बसले होते. मग त्यांचेही दिवस सुरू झाले. फोनमधून मिक्सरचा आवाज यायला लागला, कुणीतरी टोस्ट जाळला, दोन नातवंडं कशावरून तरी इंग्रजीत भांडायला लागली. आमचे सेक्रेटरी भामरे भेटायला आले होते, ते हळूच म्हणाले, "सिस्टर, आवाज बंद करू का? बरं नाही दिसत."

"राहू द्या," सिस्टर म्हणाल्या. "नातवंडं आहेत त्यांची."

"पण भांडतायत."

"आजींना इंग्रजी येत नव्हतं. भांडण येत होतं."

भामरे गेल्यावर त्यांनी फोनचा आवाज आणखी वाढवला आणि स्टँड पेटीच्या डोक्याच्या बाजूला आणून ठेवला. मी ऑफिसातून परत आले तेव्हा पेटीची घरघर आणि त्या पोरांची कटकट यांच्यामध्ये सिस्टर ताठ बसल्या होत्या.

पण मला जे सांगायचं आहे ते लिफ्टचं. आमची लिफ्ट सहा माणसांची आहे असं आत लिहिलेलं आहे. सहा उभ्या माणसांची. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत ती तीन फूट आठ इंच आहे, हे मला सिस्टरांमुळं माहीत. तेवढ्यात आडवा माणूस मावत नाही. म्हणून आमच्याकडं, आणि आजूबाजूच्या बहुतेक इमारतींत, गेलेल्या माणसाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवतात, ओढणीनं खुर्चीला बांधतात आणि लिफ्टनं खाली आणतात. तिरडी खाली पार्किंगमध्ये बांधलेली असते. जगताप सर उंचेपुरे होते, गुडघे दारात अडकायला लागले. ते कसेबसे दुमडून, मान सावरून, त्यांना केस कापायला बसवल्यासारखं आत ढकललं. चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं. समोर जिमला निघालेली एक बाई, कानात इअरफोन. तिनं बघितलं आणि म्हणाली, "होऊ द्या तुमचं, मी नंतर येते." दार बंद झालं.

सिस्टर त्या दिवशी लिफ्टमध्ये आल्या नव्हत्या. सहा मजले जिना उतरून खाली आल्या, सगळं आटपून पुन्हा चढून वर गेल्या. संध्याकाळी मला बोलावून घेतलं. चहा दिला. मग म्हणाल्या, "वर्षा, बसवलेलं मेलेलं माणूस मी नोकरीत कधी बघितलं नव्हतं. झोपवलेला माणूस गेलेला दिसतो. बसवलेला वाट बघत असल्यासारखा दिसतो." थोड्या वेळानं म्हणाल्या, "माझ्या वेळी जिन्यानं न्या. आडवं. सात मजले आहेत, चार माणसं लागतील. मी पंचेचाळीस किलो आहे, फार त्रास होणार नाही. पण मला खुर्चीत बसवून जिवंत असल्याचं सोंग करायला लावू नका."

मी हो म्हणाले. असल्या गोष्टींना माणूस हो म्हणतो.

त्यांनी ते माझ्यावर सोपवून दिलं नाही, पाठपुरावा केला. सोसायटीच्या वार्षिक सभेत 'ऐनवेळचे विषय' आल्यावर त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, जिन्यातलं सामान काढा. तोपर्यंत जिन्याचे सगळे मजले गोदाम झाले होते. सहाव्यावर दोन सायकली आणि तुळशीच्या चार कुंड्या, चौथ्यावर कुणाची तरी जुनी गादी, तिसऱ्यावर बंद पडलेलं वॉशिंग मशीन, आणि प्रत्येक दाराबाहेर चपलांची कपाटं. कुणीतरी विचारलं, आग लागली तर म्हणून का? सिस्टर म्हणाल्या, "आगीचं मला माहीत नाही. मला न्यायचं आहे म्हणून." आधी एक जण हसला, मग सगळे हसले. भामऱ्यांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. सिस्टरांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि खाली बसल्या.

त्यानंतर दर रविवारी सकाळी त्या टेप घेऊन जिना उतरायच्या. प्रत्येक मजल्यावर किती जागा उरली ते मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. आम्ही गंगापूर रोडला मोठा फ्लॅट बघायला गेलो तेव्हा मी त्यांना हौसेनं बरोबर नेलं, तिथंही त्यांनी टेप काढली. सेल्सची मुलगी पोहायचा तलाव दाखवत होती, योगासनांची गच्ची दाखवत होती. सिस्टर लिफ्टमध्ये वाकून माप घेत होत्या. मग त्यांनी विचारलं, "इथून माणूस आडवा कसा न्यायचा?"

मुलगी गोंधळली. "मॅडम, आमच्याकडं अजून तशी केस आलेली नाही."

"येईल," सिस्टर म्हणाल्या. "पझेशन दिलं की येते."

माझ्या नवऱ्यानं तो फ्लॅट घेतला नाही. परवडत नव्हता हे खरं कारण, पण तो अजून सिस्टरांनी अपशकुन केला असं सांगतो.

जिन्यातली सगळ्यात वाईट जागा पाचव्या मजल्याची होती. सायकली उचलता येतात, गादी सरकवता येते. पाचव्यावर वळणाच्या अगदी तोंडाशी सहा फुटी लाकडी कपाट होतं, भिंतीला स्क्रूनं ठोकलेलं. त्यात चपला, छत्र्या, मुलीचं जुनं दप्तर, सासूबाईंची काठी, मोडका पंखा. ते कपाट आमचं होतं.

"सतरा इंच उरतात," सिस्टर म्हणायच्या. "माझे खांदे पंधरा आहेत. पण उचलणाऱ्याला कोपरं असतात गं."

मी म्हणाले, दिवाळीत साफसफाई काढणार आहे तेव्हा काढते. दिवाळीत मुलीची परीक्षा होती. मग म्हणाले, मार्च एंड होऊ द्या. सुताराला दोनदा फोन केला, तो येतो म्हणाला आणि आला नाही, आणि तो आला नाही याचं मला बरंच वाटलं. कारण कपाट काढून त्यातलं सामान घरात कुठं ठेवायचं, हा प्रश्न होता. सिस्टरांनी मला कधी टोकलं नाही. रविवारी आमच्या दाराबाहेर टेप ओढल्याचा आवाज यायचा, मग पेनचा खटका. मी आत भाजी निवडत बसलेली असायचे आणि बाहेर जायचे नाही.

त्या गेल्या त्या दिवशी वार बुधवार होता. सकाळी त्यांच्याकडं कामाला गेलेली अनिता खाली आमच्याकडं पळत आली. तिच्याकडं किल्ली असायची. ती म्हणाली, "ताई, सिस्टर उठत नाहीत." मी वर गेले. झोपेतच गेल्या होत्या, कुशीवर, हात उशीखाली. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी येऊन बघितलं, दाखला लिहून दिला. अनितानं आणि मी त्यांना सरळ केलं, पुसलं, त्यांच्याच पिशवीतलं बँडेज काढून हनुवटी बांधली. मला अहिराणी येत नाही. तरी मी कानाशी जाऊन ते वाक्य म्हणायचा प्रयत्न केला, आणि माझ्या तोंडून ते इतकं खोटं आलं की मी अर्ध्यात थांबले.

त्यांचा भाचा कळवणला शिक्षक. तो म्हणाला, आम्ही सगळे गाड्या करून परस्पर अमरधामला येतो, तुम्ही त्यांना घेऊन या, अकराची वेळ ठरवू. भामऱ्यांनी शववाहिका बोलावली. ती दहाला गेटवर आली आणि तिथंच अडली, कारण वॉचमनच्या फोनमध्ये आत येणाऱ्याचं कारण निवडावं लागतं. डिलिव्हरी, कॅब, पाहुणा, दुरुस्ती. त्यानं सातव्या मजल्यावर फोन करून विचारलं, कोणतं दाबू. शेवटी त्यानं 'डिलिव्हरी' दाबलं आणि परवानगी मागणारा मेसेज सिस्टरांच्याच फोनवर आला. फोन त्यांच्या उशाशी थरथरला. अनितानं तो उलटा करून ठेवला.

मी भामऱ्यांना म्हणाले, जिन्यानं न्यायचं आहे. ते म्हणाले, हो हो, माहीत आहे वहिनी. त्यांना खरंच माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. चार माणसं उभी राहिली. भामरे, वॉचमन, तो कांदा चिरणारा मुलगा आणि सहाव्यावरचा एक जण, ज्याला साडेदहाला ऑफिसचा कॉल होता. चादर आणली. कांदा चिरणाऱ्या मुलानं पुढं जाऊन सहाव्यावरच्या सायकली उचलल्या, कुंड्या बाजूला घेतल्या. मग तो पाचव्यावर गेला. बराच वेळ तो वर आला नाही. मग जिन्यातूनच त्यानं हाक मारली, "ताई, हे कपाट भिंतीला ठोकलंय का?"

मी खाली गेले. नवऱ्यानं आतून स्क्रू ड्रायव्हर शोधून आणला, तो त्या स्क्रूला बसेना. त्या मुलानं खांदा लावून बघितला, आतला पंखा खडखडला, कपाट जागचं हललं नाही. खालून शववाहिकेचा हॉर्न आला, ड्रायव्हरला पुढचा फेरा होता. सहाव्यावरचा गृहस्थ घड्याळ बघत म्हणाला की माझी काही हरकत नाही, पण. त्याचं वाक्य तिथंच संपलं. सुतार पाऊण तासात येतो म्हणाला, आणि तो पाऊण तास म्हणजे किती हे मला माहीत होतं. अमरधामची वेळ अकराची, कळवणहून निघालेले लोक तिथं उन्हात उभे राहणार.

मी पुन्हा सातव्यावर गेले. सगळे खोलीत उभे होते. भामरे माझ्याकडं बघत म्हणाले, "काय करायचं वहिनी, तुम्ही सांगा."

मी म्हणाले, "लिफ्टनंच घ्या."

हे मी सिस्टरांच्या उशाशी उभी राहून म्हणाले. बाहेर जाऊन म्हणायचं असतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. म्हटल्यावर मी त्यांच्याकडं बघितलं. बँडेजनं हनुवटी बांधलेल्या, डोळे मिटलेल्या त्या शांत पडून होत्या, आणि मला आयुष्यात कुणाची एवढी लाज वाटली नव्हती.

कपाट मी त्यांच्या दहाव्याच्या आत काढून टाकलं. सुताराला घरातून उठवून आणलं. तिथं आता सहा फूट भिंत मोकळी आहे, रंग न दिलेली. सहाव्यावरच्यांनी तिथं त्यांची एक सायकल लावायला सुरुवात केली आहे. मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, काढतो, दिवाळीत काढतो. सातव्यावर आता भाड्यानं एक जोडपं आलं आहे, चांगलं आहे, हसतं. इमारतीत मधे एक जण गेलं, तेव्हा मी घरात बसून राहिले. फोन आला नाही म्हणून गेले नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ग्रुपवर हात जोडले.

लिफ्टनं मात्र मी रोज जाते. पाच मजले, गुडघे दुखतात. आत शिरलं की आरशाकडं पाठ करून उभी राहते. नवऱ्याला वाटतं मला सिस्टर दिसतात. मला सिस्टर दिसत नाहीत. दिसल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवलं, माझ्याच ओढणीनं बांधलं. लिफ्टमध्ये तोंड आत करून ढकललं, त्यामुळं त्या आरशासमोर आल्या. मी खुर्चीच्या मागं, दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरून. एका बाजूला अनिता, दुसऱ्या बाजूला भामरे अंग चोरून. लिफ्टच्या रेकॉर्डिंगमधली बाई हिंदीत म्हणाली की दरवाजा बंद होतोय. मग तो बासरीचा तुकडा लागला, जो रोज लागतो. सहावा मजला गेला. पाचवा गेला. आरशात खाली त्यांचा चेहरा होता आणि त्याच्यावर माझा. सकाळपासून मी आरशात बघितलं नव्हतं. माझ्या कपाळावर केसांची बट आली होती. माझा उजवा हात उठला आणि त्यानं ती बट कानामागं नेली. मी ठरवून केलं नाही. लिफ्टमध्ये मी रोज तेच करते, सगळ्याच बायका करतात. सिस्टरांचं डोकं त्या बाजूला कललं, माझ्या पोटाला घासत खाली गेलं आणि त्यांच्या स्वतःच्याच खांद्यावर टेकलं. अनितानं पटकन हात पुढं करून ते सावरलं. भामरे वरचे आकडे बघत होते, त्यांना काही कळलं नाही. अनितानं आरशातून माझ्याकडं बघितलं, आणि तेव्हाही माझा हात कानाशीच होता.